पांढऱ्या रंगाचा डबा

६ जानेवारी
आज हँगरमध्ये गेलो. तीस वर्षांत कंपनीच्या विमानांचे रंग कसे बदलत गेले, त्याचं पुस्तक लिहायचंय — मजकूर तीस तारखेला हवा. नव्या नारिंगी रंगासाठी एका विमानाचा निळा उतरवत होते. औषध फवारलं की रंगाला फोड येतात, मग पात्यानं ओरबाडायचा. भाजलेली कातडी सोलावी तसा! निळ्याखाली लाल निघाला. रघुजी मेस्त्री म्हणाले, "हा लालही मीच मारलेला."

दाराशी कुलूपबंद कपाट. आत पांढऱ्या रंगाचा एकच डबा.
"त्याचं विचारू नका, अण्णा."

११ जानेवारी
लाल का गेला? कंपनीच्या कागदांत एवढंच — 'नवी पहाट'.

रघुजींनी आज सांगितलं. बारा वर्षांपूर्वी कंपनीचं एक विमान धावपट्टीवरून घसरलं, नाल्यात फुटलं. एकोणीस माणसं गेली. पहिल्याच गाडीनं रघुजींना धाडलं. शिडी, रोलर, पांढरा रंग. फोटोवाले यायच्या आत शेपटीवरचं नाव आणि लाल रंग झाकायचा!
"खालून एक बाई हाका मारत होती. मी शिडीवर. उतरलो तेव्हा गप्प झाली होती."

चार महिन्यांत सगळी विमानं निळी झाली. कपाटातला डबा तेव्हापासून भरलेला असतो, पुढच्या अपघातासाठी. कंपनीचा नियम.

१९ जानेवारी
जसंच्या तसं लिहिलं. पाठवलं.

२२ जानेवारी
यशोवर्धन हँगरमध्येच उखडला. जाहिरात विभागाचा साहेब, पुण्याहून आलेला. "सर, हे कॉफी टेबल बुक आहे, पोस्टमॉर्टेम नाही!" मग रघुजींकडे वळून, "आणि काका, ती बाई तुमची कोण लागत होती? एवढं काय त्याचं?"

"सॉरी," रघुजी म्हणाले. आणि पात्याच्या मुठीनं त्याच्या तोंडावर हाणलं. पुढचा दात उडाला. यशोवर्धननं पडल्या पडल्या त्यांच्या पोटात लाथ घातली. मेस्त्री त्याच्या छातीवर बसले, मारत राहिले. नारिंगी रंगाची बादली कलंडली. रक्त कुठलं नि रंग कुठला, कळेना. चौघांनी ओढून सोडवलं. मी वही सावरत उभा — लाज वाटली.

मेस्त्रींना हाकललं. गेटवर त्यांनी माझ्या हातात कपाटाची किल्ली कोंबली.
"मागतील. देऊ नका. एकदा तरी शेपटीवरचं नाव दिसू दे लोकांना."

२९ जानेवारी
ते पान काढलं. 'नवी पहाट' लिहिलं. मुदतीच्या एक दिवस आधी दिलं.

१७ फेब्रुवारी
सकाळी यशोवर्धनचा फोन. धापा टाकत होता. "सर, कपाटाची किल्ली — मेस्त्रीनं तुमच्याकडे दिली का? लवकर सांगा!"
टीव्ही लावला. शेतात धूर, धावणारी माणसं. वर उभी शेपटी. नारिंगी.
किल्ली मुठीत होती. म्हटलं, "नाही."