कोल प्लांट अटेंडंट

आई,

आज सकाळी आमच्या वीजकेंद्रात नव्याने लागलेल्या पोरांना नेमणुकीची पत्रं द्यायची होती. प्रत्येक पत्रावर नावाखाली इंग्रजीत हुद्दा लिहिलेला. एका मुलीने पत्र दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, मॅडम, यातलं माझं काम नक्की कुठलं? मी तिला समजावून सांगितलं, ती गेली, आणि मग बराच वेळ माझं कशातच लक्ष लागेना. सारखी तूच आठवत राहिलीस. म्हणून लिहायला बसले आहे.

अंबरनाथच्या कंपनीचं स्वतःचं पॉवरहाऊस होतं आणि त्याच्या कोळशाच्या आवारात तू कामाला होतीस. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यांच्या जागेवर कंपनीने तुला घेतलं. बारवी नदीकडच्या पाड्यावर भातशेतीत वाढलेली तू. पहिल्या दिवशी तो पट्टा पाहून तुला भोवळ आली होती, असं तूच सांगायचीस. आवारातून वर बॉयलरपर्यंत कोळसा नेणारा तो लांबलचक रबरी पट्टा. त्यातले दगड आणि लोखंडाचे तुकडे वेचायचे, रोलर कुरकुरतायत का ते ऐकायचं, पट्टा एका अंगाला सरकला तर दोरी ओढून थांबवायचा. बाबा हेच करायचे आणि तूही हेच करत होतीस.

मी आठवीत असताना पॉवरहाऊसला नवे सुपरिटेंडंट आले. त्यांनी दारात मोठा फळा लावून घेतला आणि त्यावर पेंटरकडून सगळे हुद्दे इंग्रजीत लिहून घेतले. तुला वाचता येत नव्हतं. तू येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून ते हुद्दे पाठ केलेस, आणि संध्याकाळी कुळगावच्या आपल्या खोलीत भाकऱ्या थापता थापता मला म्हणून दाखवलेस. शिफ्ट इंजनेर. टरबाइन आपरेटर. ब्वायलर अटेंडन. फायरमन. आयलर. मी हसत होते, तू हसत नव्हतीस. तुला एवढंच हवं होतं, की यातली मी कोण ते सांग.

मग तू पत्र्याच्या पेटीतून बाबांचं जुनं ओळखपत्र काढलंस आणि आपल्या ओळखपत्राशेजारी ठेवलंस. मी वाचलं. बाबांच्या कार्डावर होतं, कोल प्लांट अटेंडंट. तुझ्या कार्डावर होतं मजदूर, आणि पुढे कंसात एफ. एफ म्हणजे काय, तू विचारलंस. मी म्हटलं, फिमेल, म्हणजे बाई.

"बाई हाय ते फोटोत दिसतंच," तू म्हणालीस. "काम काय करते ते कुठं लिवलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी शाळेच्या शब्दकोशात अटेंडंट शोधला. पहिला अर्थ होता सेवक, नोकर. तो मी गिळला आणि दुसरा मोठ्याने वाचला, हजर राहणारा. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, मग ती मीच. सात वर्षांत पट्टा चालू आहे आणि मी तिथं नाय, असं झालंय कवा? तो हुद्दा मागायचा हे त्या क्षणी तुझं ठरलं असणार, कारण पुढच्याच रविवारी तू मला घेऊन उल्हासनगरला गेलीस.

तिथल्या फाळणीनंतर वसलेल्या कॅम्प एकमध्ये एक सिंधी म्हातारे टायपिंगचा क्लास चालवायचे आणि लोकांचे अर्जही टाइप करून द्यायचे. तू सांगत होतीस, मी हिंदी करत होते आणि ते इंग्रजीत टाइप करत होते. तू "अटेंडन" म्हणालीस तशी मी पटकन सगळ्यांसमोर तुला दुरुस्त केलं. बाकावर बसलेल्या पोरी खुदकन हसल्या. म्हाताऱ्यांनी मशीनवरचे हात उचलले आणि मलाच म्हणाले, बेटी, अम्मा को बोलने दो, मुझे बराबर समझ रहा है. अर्ज घेऊन बाहेर पडल्यावर, कापडाच्या दुकानांमधून वाट काढत चालताना तू मागे न बघता म्हणालीस, "चुकले तर घरी सांग. चारचौघांत माझी जीभ सरळ करू नको." एवढंच. आवाज चढला नाही, पण माझे कान तापले. आज माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. कुणाचं चुकलं तर मी त्याला बाजूला घेऊन सांगते. लोकांना वाटतं, हे मला कुठल्यातरी प्रशिक्षणात शिकवलंय.

अर्ज गेला. सुपरिटेंडंटनी तुला केबिनमध्ये बोलावून घेतलं. तो माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. त्यांनी सांगितलं की हुद्दा मागायचा असेल तर परीक्षा होईल. पास झालीस तर हुद्दा मिळेल. नापास झालीस तर मात्र पट्ट्यावरचं काम त्या हुद्द्याच्या माणसाकडे जाईल आणि तुला आवार झाडायला जावं लागेल, कारण ज्याला काम येत नाही त्याला यंत्रापाशी ठेवता येत नाही. विचार करून सांग, म्हणाले. तू तिथेच हो म्हणून आलीस. घरी सांगितलंस तेव्हा मी घाबरले. आवारातल्या दुसऱ्या दोघी बायकांनी तर तुला वेड्यातच काढलं. आहे ते कशाला घालवतेस, असं त्यांचं म्हणणं.

त्यानंतरचे दोन महिने मला कालच्यासारखे आठवतात. शाळेतून आले की मी जमिनीवर खडूने तुझ्या यंत्राची पाटी काढते. हिरवं बटण, लाल बटण, त्यावरची अक्षरं. तू अक्षर वाचत नाहीस, अख्खा शब्द ओळखतेस, माणसाचा चेहरा ओळखावा तसा. स्टार्ट. स्टॉप. ट्रिप, म्हणजे यंत्र आपणहून बंद पडलं. एकदा मी तुला फसवायला त्यांची जागा बदलते, तर तू खडू माझ्या हातातून घेऊन शब्द जागच्या जागी लिहितेस. वाकडेतिकडे, पण बरोबर. तुझ्या हातचं पहिलं लिखाण इंग्रजीत होतं, आई.

परीक्षेच्या दिवशी शनिवार होता आणि माझी शाळा सकाळची. मी दुपारी कंपनीच्या गेटवर आले. वॉचमनने मला आत घेऊन कोळशाच्या आवाराच्या कठड्यापाशी उभं केलं. सुपरिटेंडंट, दोन इंजिनिअर आणि तू पट्ट्याजवळ उभे होतात. पाटी वाचून झाली होती. आता धाकटा इंजिनिअर विचारत होता की पट्टा एका बाजूला सरकायला लागला तर काय करशील. त्याला हवं असलेलं उत्तर पुस्तकातलं होतं, रोलर सरकवून पट्टा जागेवर आणायचा. तू म्हणालीस की आधी पट्टा बंद करीन आणि टोकाच्या ड्रमला ओला कोळसा चिकटलाय का ते बघीन. चिकटला असेल तर ड्रम एका अंगाला जाड होतो आणि पट्टा पळतो. तो खरवडायचा. ते न करता रोलर हलवला, तर तो कोळसा सुकून गळल्यावर पट्टा उलट्या अंगाला पळेल. इंजिनिअरने सुपरिटेंडंटकडे पाहिलं. तेवढ्यात तू हात वर केलास आणि म्हणालीस, थांबा, तो पुढचा चवथा रोलर कोरडा वाजतोय, संध्याकाळपर्यंत अडकंल. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. तू दोरी ओढलीस. पट्टा थांबला. फिटरने येऊन तो रोलर हाताने फिरवून पाहिला आणि हात झटकन मागे घेतला. बेअरिंग तापलं होतं, आतलं ग्रीस संपलेलं होतं.

मग सुपरिटेंडंट हसले आणि त्यांनी विचारलं की सगळी उत्तरं मराठीत देतेस, तर हुद्दा इंग्रजी कशाला हवा?

"नाव तुम्ही इंग्रजीत ठेवलंत, सायेब," तू म्हणालीस. "काम मराठीतच चालतं. मी जे काम करते त्याचं नाव मना पायजे."

कठड्याशी उभी राहून हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढे इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला असताना, वर्गात एकटी मुलगी म्हणून तोंडी परीक्षेला उभी राहताना मी हेच वाक्य मनात म्हणून आत जायचे.

पत्र पंधरा दिवसांनी आलं. तू ते घडी न घालता, दोन वह्यांच्या पुठ्ठ्यात ठेवून कुळगावपर्यंत आणलंस. आळीतली माणसं जमली. मी इंग्रजीत वाचलं, कुणाला काही कळलं नाही. तू म्हणालीस, पुन्हा वाच, सावकाश. तिसऱ्या वेळी हुद्दा आला तेव्हा तो सगळ्या आळीने माझ्याबरोबर म्हटला. कुणी साखर वाटली. पुढच्या वर्षी त्याच दोघी बायकांनी अर्ज केले आणि त्यांची तयारी तू करून घेतलीस, आपल्याच जमिनीवर, माझ्याच खडूने. दोघी पास झाल्या. मजदूर आणि कंसात एफ असं लिहिलेलं कार्ड त्या आवारात पुन्हा कुणाला मिळालं नाही.

नव्वदच्या दशकात तू निवृत्त झालीस तेव्हा तुझं नाव हुद्द्यासकट माइकवरून पुकारलं गेलं. हिरव्या नऊवारीत तू मंचावर गेलीस आणि अख्खं पॉवरहाऊस उभं राहिलं, टरबाइनवाले, बॉयलरवाले, इंजिनिअर, सगळे. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून तू घरी येऊन शेजारणींना सांगितलंस की पोरीला माझा अभिमान वाटला.

अभिमान होताच. पण डिप्लोमा होऊन मला तेव्हा वर्ष उलटलं होतं, नोकरी मिळाली नव्हती आणि कुठल्याच कागदावर माझ्या नावाखाली काही लिहिलेलं नव्हतं. आई, त्या टाळ्यांमध्ये मला तुझा हेवा वाटला होता. तू शेजारणींना सांगत होतीस तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत उभी होते. बाहेर येऊन खरं सांगावं असं वाटलं, पण सांगितलं नाही.