वन्सं, ती ओळ मी गाळली

सोलापूर

प्रिय वन्सं,

तुमच्या शाळेच्या मोठ्या बाई काल दुपारी घरी आल्या होत्या. शनिवारी स्नेहसंमेलन आहे. दरवर्षी कुसुमताई मुलींशी बोलायच्या, यंदा त्या नाहीत, तर त्यांची गोष्ट घरातल्याच कुणीतरी सांगावी, असं म्हणाल्या. मी म्हटलं, हे येतील. तर म्हणे, भावांना काय ठाऊक असणार, तुम्हीच या. मी नाही म्हणायच्या आत माझं नाव कागदावर चढलंसुद्धा!

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. चार महिने मी तुमच्या साड्या, पदकं, नाटकाच्या वह्या ट्रंकेत लावते आहे, काढते आहे, परत लावते आहे. आणि तुम्हाला जे सांगायला हवं होतं ते तसंच पोटात ठेवून बसले आहे. शनिवारी तुमची गोष्ट सांगायची म्हणजे बघायच्या कार्यक्रमाची गोष्ट येणारच. ती तुम्ही गावोगाव सांगितलीत. पण वन्सं, त्यातली एक गोष्ट खरी नव्हती. ते मला ठाऊक होतं आणि तुमच्या आईला, आत्याबाईंना. तुम्हाला तेवढं कुणी सांगितलं नाही.

मी या घरात आले ती दुष्काळाच्या आदल्या वर्षी. नणंद जपून हं, असं सांगून मला माहेरच्यांनी पाठवलं होतं. आणि नणंद कशी? गुडघे सोललेली, केसांत मैदानाची माती, दारातूनच भाकरी मागणारी! खो-खोचा सराव करून यायचात तुम्ही. पहिल्याच आठवड्यात मला म्हणालात, "वैनी, माज्या वाटणीची भांडी तुमी घासा. तुमच्या वाटणीची बोलणी मी खाते." आणि खाल्लीतही. दूध माझ्या हातून उतू जायचं आणि आत्याबाईंचं तुम्ही ऐकून घ्यायचात. हे मी विसरले कशी?

सांगोल्याहून सामना जिंकून येताना तुमचा ट्रक उलटला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. एकोणीस वर्षांच्या होतात तुम्ही! शुद्धीवर आल्यावर तुम्ही विचारलंत, बाकीच्या पोरी बऱ्या आहेत का. रडलात त्या पंधरा दिवसांनी, तेही माझ्यासमोर एकदाच. जखम बांधायची ती मीच, दुसऱ्या कुणाचा हात तुम्हाला चालायचा नाही. आत्याबाईंना ते बघवायचं नाही. पट्टी सोडायची वेळ झाली की त्या सूप घेऊन बाहेर ज्वारी निवडत बसायच्या. आईला माझी किळस येते, असं तुम्ही एकदा म्हणालात. मी तुम्हाला सांगायला हवं होतं की त्या सुपातली ज्वारी त्या तीन-तीनदा निवडायच्या, आणि डोळे पुसत राहिल्यामुळे खडे तसेच राहायचे.

मग पुण्याहून पाय बसवून आणला. चामड्याचे पट्टे, मांडीला घासून फोड यायचे. त्या उन्हाळ्यात आपण वळसंगला तुमच्या मामांकडे गेलो, आठवतं? विहिरीच्या पायरीवर बसून तुम्ही पट्टे सोडलेत, पाय माझ्या हातात दिलात आणि काही कळायच्या आत विहिरीत उडी! मी पाय छातीशी धरून काठावर ओरडते आहे, मामा दोर घेऊन पळताहेत, आणि तुम्ही पलीकडच्या कडेला डोकं वर काढून हसताय. म्हणालात, "पाण्याला कुटं कळतंय, पाय किती हायत ते." दोन वर्षांपूर्वीचं तुमचं हसणं मला त्या दिवशी परत ऐकू आलं.

पुढचं सगळं मी बघितलं. पहाटे तलावावर जाणं, पुण्यातल्या अपंगांच्या स्पर्धा, दोन पदकं, पेपरातला फोटो. तो फोटो बघूनच चादरवाले शेठ आले. घरात तेलुगू बोलणारा माणूस, पण तुमच्याशी किती जपून मराठी बोलायचे! नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर त्यांना तुम्ही हव्या होतात. फोटोवाल्यानं चादर खांद्यावरून सोडली ती पार जमिनीपर्यंत. तुम्ही म्हणालात, पाय दिसू दे की. शेठनी हात जोडले. सकाळी उठून लोक कॅलेंडर बघतात बाई, म्हणाले. त्या वर्षी सोलापुरातल्या दुकानादुकानांत तुम्ही टांगलेल्या होतात! घरी येऊन तुम्ही म्हणालात, चादर लई झाक दिसती, आत कोण हाय त्याचं कुणाला काय. हसत म्हणालात, पण त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

आता ते पत्र. तुमच्यासाठी पंढरपूरकडचं स्थळ आलं होतं. मुलगा मास्तर, माणसं बरी. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही, घरची पत्रं मीच लिहायची. चुलीपुढे बसून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पोरगी मॅट्रिक झाली आहे, पोहण्यात बक्षिसं आहेत, स्वयंपाकपाणी येतं. आणि सगळ्यात आधी त्यांनी काय सांगितलं, ऐका. "पयलं पायाचं लिही. डावा पाय गुडघ्याखाली न्हाई, लाकडी पाय लावून चालती. पसंत असंल तर या म्हणावं, नसंल तर राग न्हाई."

वन्सं, ती ओळ मी लिहिलीच नाही.

त्या म्हणाल्या, वाचून दाखव. मी वाचलं. कागदावर नसलेली ती ओळसुद्धा वाचली, सुरुवातीलाच, न अडखळता! त्यांनी मान डोलावली, कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. पाकिटात मी कॅलेंडरवरचा तुमचा फोटो कापून घातला. पेपरातला तुमचा कुबड्यांसकट फोटो ट्रंकेत होता, तो राहू दिला.

का केलं? मनाला मी समजावलं की आधी त्यांनी तुम्हाला बघावं, तुमचं बोलणं ऐकावं, मग पायाचं काही वाटणार नाही. हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. दोन खोल्या, माझी दोन लेकरं, सकाळ-संध्याकाळ तुमचे पट्टे, तुमचं पाणी, आणि येणारा-जाणारा जो तो तुमचंच कौतुक करणार. मी दमले होते. तुम्ही नांदायला जावं असं मला वाटत होतं. आता तुमच्यापासून काय लपवू?

ते लोक आले. पोहे झाले, सुपारी झाली, नाव-गाव झालं. मग मुलाची आत्या म्हणाली, जरा चालून दाखव बाळ, दारापर्यंत. सगळ्याच मुलींना सांगतात, मलाही सांगितलं होतं. तुम्ही उठलात, दारापर्यंत गेलात, फिरून आलात. आत्या हळूच म्हणाली, पाय मुरगळलाय वाटतं? मला अजून तुमचा तो चेहरा दिसतो. या लोकांना ठाऊकच नाही, हे तुम्हाला तेव्हा कळलं. तुम्ही खाली बसलात, निऱ्या जरा वर घेतल्यात, पट्टे सोडलेत आणि पाय सतरंजीवर ठेवलात. "मुरगळला न्हाई आत्या. माजा पाय हितं संपतो."

मुलाचे वडील उठले, फसवलंत म्हणाले. तुमची काही चूक नाही, असं तुम्हीच त्यांना समजावलंत आणि भिंतीला धरून दारापर्यंत पोचवायला गेलात, एका पायावर. मग फिरून आत्याबाईंना विचारलंत, "आई, माजी लाज वाटली व्हय तुला?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. एवढंच. त्यांना कळलं होतं. मी पोह्यांच्या बशा गोळा करू लागले. आणि त्या खाली बघून म्हणाल्या, "चुकलं माजं."

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, आत्ता जाऊन सांगते. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "गप ऱ्हा. लेक आईवर रुसली तर फिरून येती. भावजयीवर रुसली तर तिचं माहेर तुटतंय." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, वन्सं. सुटल्यासारखं! त्यांनी माझं पाप पदरात बांधून घेतलं आणि मी घेऊ दिलं.

पण तुम्ही फिरून आला नाहीत. महिन्याभरात मैत्रिणीबरोबर खोली घेतलीत. भाऊबीजेला यायचात, भावाला ओवाळायचात, माझ्या लेकरांना खाऊ द्यायचात, आणि आईला तेवढा वाकून नमस्कार. बोलणं नाही. त्या तुमच्यासाठी धपाटी करून ठेवायच्या आणि द्यायच्या माझ्या हातून.

एक रागाची गोष्ट बोलू का? तुम्हीही कसं चटकन मानलंत! अख्ख्या जगाला प्रश्न विचारायचात. शेठना पुढच्या वर्षी सांगितलंत, पाय दिसणार असेल तरच उभी राहीन. ते गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कबूल होऊन परत आले. कामगारांच्या नाटकात तुम्हाला लंगडीची भूमिका देत होते, तुम्ही वकिलीणबाईची मागून घेतलीत आणि अख्खा तिसरा अंक उभ्यानं केलात. लोकांना कळलंही नाही! मग आईला एकदा तरी का विचारलं नाहीत, पत्र कुणी लिहिलं म्हणून? त्यांना अक्षर येत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? का विचारायची भीती वाटली? मी असं विचारणं शोभत नाही, हेही कळतंय मला.

आणीबाणी उठली त्या वर्षी गणपतीत तुमचं व्याख्यान होतं. मांडव भरलेला. आत्याबाई आणि मी मागं बायकांत बसलो होतो, तुम्हाला न सांगता. तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. चालून दाखव म्हटल्यावर लोक हसले, पाय काढून ठेवल्यावर चिडीचूप झाले. मग तुम्ही म्हणालात की ज्यांनी मला नाकारलं त्यांचं दुःख नाही, माझ्या आईनं मला लपवलं त्याचं आहे. शेजारची एक बाई म्हणाली, कसली आई असंल ही. आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला. आणि टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. वन्सं, त्या टाळ्या वाजवत होत्या! मी घरापर्यंत त्यांच्या दोन पावलं मागं चालत आले.

कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात मी रोज ठरवून यायचे, आज सांगायचं. शेवटच्या आधीच्या दिवशी तुम्ही माझा हात धरलात. डोळे पिवळे झाले होते. म्हणालात, "वैनी, आईला सांगा. माजा राग गेला. मी माफ केलं तिला." तोंड उघडलं होतं मी. उघडलं होतं! पण तुमचा चेहरा इतका निवांत झाला होता की मला तो मोडवेना. का मलाच भीती वाटली? मला अजून ठरवता येत नाही.

निरोप मी पोचवला. आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माफ केलं म्हणाली न्हवं? मग पुरे." न केलेल्या गोष्टीची माफी त्यांनी प्रसादासारखी घेतली. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आज सकाळी मी त्यांना विचारलं, शनिवारी खरं सांगू का. त्या चिडल्या. "आता कुणासाटी? ती गेली. लोक तुला नावं ठेवतील, पोरांच्या शाळंत बोलतील." मी म्हटलं, ठेवू देत. त्या म्हणाल्या, ह्याला काय वाटंल? तुमच्या भावाला मी काल रात्रीच सांगितलंय. ते उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. मी वाट बघेन.

मला भाषण येत नाही. तुमच्यासारखं हसवता यायचं नाही, कुठं थांबायचं तेही कळायचं नाही. पण वचन देते वन्सं, शनिवारी तुमची गोष्ट मी जशी तुम्ही सांगायचात तशीच सांगेन, विहीर, पदकं, कॅलेंडर, नाटक, सगळं. आणि आईनं मला लपवलं हे तुमचं वाक्य आलं की आत्याबाईंना उभं करून त्या चारशे पोरींना सांगेन, की हिनं पहिलं पायाचंच लिहायला सांगितलं होतं. हिला तुमची लाज कधीच वाटली नाही. वाटली ती मला.

तुम्ही मला माफ करू नका. फक्त एकदा आईला हाक मारा.

तुमची भावजय,
इंदू