वेळेवर आलेला थंडीचा इशारा

उंद्री, पौष वद्य पंचमी

राजमान्य राजेश्री निवृत्तीराव यांसी, उंद्रीहून उत्तमराव पाटलाचा रामराम.

सोनाळ्याला सगळी खुशाल असतील, गीताबाईंचे गुडघे चालते असतील आणि तुमची म्हैस अजून फक्त तुम्हालाच लाथ मारत असेल, असं धरून चालतो. इकडची खुशाली विचारू नका. तुमच्या बहिणीची पानवेल गेली. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे मी गावभर फिरून मुद्द्यावर येईन आणि तोवर तुम्ही कागद बाजूला ठेवून सुपारी कातरायला घ्याल.

लग्नानंतर कोकिळा तुमच्या मळ्यातलं बेणं ओल्या फडक्यात गुंडाळून इथं आली, तेव्हा घाटावर कुठं पानवेल जगते का म्हणून सगळी उंद्री हसली होती (हसणाऱ्यांत मी पुढे). तिनं ती विहिरीमागे पांगाऱ्यावर चढवून दाखवली. कोकिळा गेल्यापासून मी रोज चपला काढून त्या वेलीत जायचो. तिचं असं एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

आता झालं कसं ते ऐका. थंडीची लाट येणार असली की सरकारी तार जिल्ह्याला येते, तिथून लेखी इशारा तालुक्याला, आणि तालुक्याहून तो आमचा कोतवाल पुंजाजी आणतो. आणतो असं आपलं म्हणायचं. वाटेत त्याची बहीण राहते. तिथं भाकर खायची, भाच्यांची भांडणं मिटवायची, मुक्काम करायचा. इशारा चावडीवर पोचेपर्यंत थंडी गावाला काकडवून पुढे गेलेली असायची. वर्षानुवर्षं हेच चाललं. त्यामुळे गावानं इशाऱ्याचा आपला अर्थ बसवून टाकला : दवंडी झाली, म्हणजे थंडी सरली. दवंडी ऐकली की बाया गोधड्या धुवायला काढत. शेषरावांनी तर एकदा, म्हाताऱ्या आईला थंडी सोसत नाही, तेव्हा दवंडी जरा लवकर पिटा, अशी मला गळ घातली होती.

यंदा पुंजाजीचं बहिणीशी वाजलं (भाकरीवर ठेचा दिला नाही, एवढंच कारण). तो रागारागानं तडक आला आणि इशारा थंडीच्या आधी पोचला. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, की कडाक्याची थंडी येत आहे, दहिवर गोठण्याचा संभव आहे, बागांना संध्याकाळी पाणी द्यावं, वेली झाकाव्या, जनावरं आणि म्हातारी माणसं आडोशाला घ्यावी. मी ते चावडीवर खणखणीत वाचलं. पुंजाजीनं डफडं वाजवलं. पंजाबराव उठून म्हणाले, "सुटलो बे! गेली थंडी." गोधड्या नदीवर गेल्या. आणि मी, एवढा लिहितावाचता पाटील, कोकिळेच्या वेलीवरचे थंडीसाठी बांधलेले तुराट्यांचे तट्टे स्वतःच्या हातानं काढले. म्हटलं, बिचारीला जरा ऊन खाऊ दे.

सकाळी बघतो तर दोरीवरच्या ओल्या गोधड्या पापडासारख्या कडक. शकूर पिंजाऱ्याच्या दारात अख्खं गाव कुडकुडत उभं. तो म्हणतो, "पाटील, असा इशारा दर महिन्याले आना, माह्या धंद्याले बरकत हाये." विहिरीमागे गेलो. पानं काळी पडून उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. निवृत्तीराव, मी तिथं चिखलात बसून रडलो. ती गेली तेव्हा आल्यागेल्याची उठबस करण्यात मला रडायला सवड झाली नव्हती.

आता नवी रीत घातली आहे. इशारा वाचून झाला की अर्थ काय, ते मी एकेकाला विचारतो. पंजाबराव अजून म्हणतात, "गेली असंन." कोणाकोणाशी भांडावं?

गीताबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
उत्तमराव

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्या मळ्यातलं थोडं बेणं पाहिजे.

ता. क. दुसरा – ते कोणाच्या हाती पाठवू नका. पुंजाजीचा बहिणीशी समेट झाला आहे, म्हणजे बेणं वाटेतच वाळेल. तुम्हीच घेऊन या. वर्षश्राद्धानंतर तुम्ही इकडे फिरकला नाहीत. इथं तिला लहानपणापासून ओळखणारं कोणी नाही. मी तिच्याबद्दल बोलू लागलो की सून पाणी आणून देते.

ता. क. तिसरा – आज सकाळी वेलीच्या बुडाशी नखानं खरवडून पाहिलं. आत हिरवं आहे. फुटेल ती. बेण्यावाचून चालेल, तुम्ही या.