सोमवारची पुडी

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

आज पुन्हा हे जिन्यात अर्ध्यावरच बसले! गच्चीवरचा चहा मग खालीच घेतला. "झालं, सरोज. वय झालं आता." वय कसलं! ड जीवनसत्त्व कमी आहे एवढंच. दर आठवड्याला त्याची पुडी घेतात, तरी परवाचा रिपोर्ट जिथल्या तिथेच.

गंधारचा पुण्याहून फोन — "आई, वरची खोली गच्चीसकट क्लासच्या पोरांना भाड्याने देऊन टाक. बाबांचा पलंग खाली घ्या."

आमची गच्ची? लातूरला आल्यापासूनचा संध्याकाळचा चहा तिथला! म्हटलं, उन्हाळाभर थांब. चढतील.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वरणाला फोडणी देताना हळदीचा रंग तेलात उतरला — आणि नांदेडची आमची कॉन्व्हेंटची लॅब आठवली. सिस्टर ॲग्नेस परीक्षानळीत पाणी, हळद, वर तेल घालून खळखळ हलवायच्या. पिवळा रंग पाणी सोडून तेलात. मग त्यांच्या मोडक्या मराठीत — "पोरीनो, ह्याला तेल आवडतो!" त्याला शब्द — लिपोफिलिक. मेदस्नेही. किती मायेचा शब्द! स्निग्ध पदार्थात विरघळतो तो, पाण्यात रमत नाही. मी पुढे इतकी वर्षं हेच शिकवलं.

आणि ड जीवनसत्त्वही त्यातलंच!

पुडी विसरू नये म्हणून वार ठरवला सोमवार. सोमवारी यांचा कडक उपास. साबुदाणासुद्धा नाही — "ती चैन झाली." दिवसभर नुसतं लिंबूपाणी आणि संध्याकाळी कोरा चहा. पोटात तेलातुपाचा थेंब नाही. पुडीने करावं तरी काय!

बुधवार, १२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई फोनवर हसल्याच. "काकू, उपाशीपोटी? जेवणाबरोबर द्या. अजून तीन महिने."

हे घुश्शात. "उगं डोकं खाऊ नको. महादेवाचा वार सोडू का?"

"वार ठेवा तुमचा. पुडी मंगळवारी!"

मंगळवार, १८ फेब्रुवारी

भाकरी, तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी, वरणावर तूप. मग पुडी. "औषध आहे का मेजवानी?" — पण चटणी दोनदा मागितली.

मंगळवार, १५ एप्रिल

जिन्यात थांबले. पण बसले नाहीत!

रविवार, १८ मे

"सरोज, चहा वर आण!" — गच्चीवरून!

ट्रे घेऊन निघाले. अर्ध्या जिन्यात मांड्या अशा भरून आल्या की बसलेच. हे खाली उतरले, ट्रे घेतला, शेजारी टेकले.

"मास्तरीणबाई, तुमचं रक्त कधी तपासलंय?"

सोमवार मीही करते. लग्नापासून. पण तपासणी आणि पुडी फक्त यांचीच!