ज्वारीतला पिवळा फराटा

१२ जानेवारी, रविवार
ही डायरी रुचिकानं दिली. नात माझी, बीडला कॉलेजात हाय. म्हणली, आजी मनातलं लिहीत जा, म्हणजे घरात बोलणं कमी होईल. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर लेकापेक्षा बरं. संकल्प: रोज लिहायचं, अन् छबुबाईचं नाव तोंडातून काढायचं न्हाई. जाऊ माझी. दोघींचं माहेर पालीच, सासर पालीच. लग्नाआधी शेताला शेत लागून, लग्नानंतर चुलीला चूल.

१७ जानेवारी
पाच दिवस लिहिलं न्हाई. लिहिण्यासारखं कुणी वागलंच न्हाई.
आज रुचिकानं मोबाईलवर कार्ड दाखवलं. बीडच्या म्युझियमात पुढच्या महिन्यात नऊ तारखेला भाषण हाय, परळीच्या धोंडप्पा मास्तरावर. हा ड्रॉइंगचा मास्तर आमच्या लहानपणी पालीला यायचा, धरणाच्या अंगाला छत्री रोवून चित्रं काढायचा. लोक म्हणायचे, येडं हाय. आता वारला, तर मोठा झाला. कार्डावर त्याचं चित्र: पालीची ज्वारी, मागं पाणी, अन् ज्वारीच्या मधोमध पिवळा फराटा, दोन्ही हात आडवे केल्यासारखा.
मी हाय ती.
बोटानं मोठं करून पाहिलं. नाकडोळे न्हाईत, पण उभं राहायची ढब माझीच. चौदा वर्षांची होते, आईचं जुनं पिवळं लुगडं नेसायचे. पहाटेपासून शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, गोफण घेऊन उभी. आमच्या ज्वारीला एक पाखरू चोच लावायला धजत नव्हतं. एक धोंडा मास्तराच्या छत्रीवर बसलता. माणूस ते विसरत नसतो. म्हणूनच काढली.

१८ जानेवारी
छबी म्हणते, ती मीच. (संकल्प उद्यापासून.) म्हणे तिच्याकडंबी पिवळं लुगडं होतं. असंल. कंबर होती का?

२२ जानेवारी
कार्डावरच्या नंबराला व्हॉइस मेसेज पाठवला. नाव, गाव सांगितलं. चित्रातली बाई जिती हाय, येणार हाय म्हणून सांगितलं. गाडी पाठवा, सत्कार लांबवू नका, शाल पातळ नको.
जबाब आला: जोडलेले दोन हात. म्हणजे सगळं मान्य.

२६ जानेवारी, रविवार
रुचिकानं समजावलं. अशा चित्रकाराला इंप्रेशनिस्ट म्हणतात. आहे तसं काढत न्हाईत, उजेडात क्षणभर जसं भासलं तसं काढतात. मी म्हणले, मग आमच्या घरात सगळेच इंप्रेशनिस्ट. कुणाला काय आहे ते दिसतच न्हाई.
ती म्हणली, आजी, तो फराटा दुसरंच काही असलं तर? शिकलेल्या पोरींना शंका फार.

३० जानेवारी
पिवळी साडी घेतली. लोकांनी लांबूनच ओळखलं पाहिजे.
भाषण गोठ्यात म्हशीसमोर म्हणून पाहिलं. म्हशीनं शेवटपर्यंत ऐकलं. दुपारी पाठ करताना डोळे मिटले, तर सूनबाई म्हणती, आई घोरताय. घोरत नव्हते. विचार करताना मी मिटते.

४ फेब्रुवारी
छबीनं गावभर सांगितलं की तीबी येणार. येऊ दे. संकल्प: एका गाडीत बसायचं न्हाई, तिच्याकडं पाहायचं न्हाई, सत्कार झाल्यावर मोठ्या मनानं एक पेढा द्यायचा. अर्धा.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी
गाडी आली न्हाई. ड्रायव्हरला पाली घावली नसंल. शेअर रिक्षानं जाते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
रिक्षात एकच जागा उरलती, छबीच्या मांडीजवळ. तीबी पिवळ्या साडीत. बीडपर्यंत दोघी दोन बाजूला तोंडं करून.
हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसले. रांग पाहुण्यांची हाय म्हणून एका पोरीनं सांगितलं. मी म्हणले, पाहुणी मीच. छबी शेजारी येऊन बसली.
भाषणवाल्या सुकन्या मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. आवाज गोड. मूळ चित्र समोर भिंतीला होतं. जवळून पाहिलं तर पोरानं भिंतीला बोटं पुसल्यासारखं, अन् मागं सरकलं की पाली. ऊनसुद्धा पालीचंच. तेवढं खरं. मग त्या उजेडाबद्दल बोलत राहिल्या. मी डोळे मिटून ऐकलं. छबीनं कोपर मारलं तवा मॅडम लाल ठिपका फिरवीत पिवळ्या फराट्यावर आल्यात्या. मी पदर सारखा केला.
मॅडम म्हणल्या, हे मास्तरांचं आवडतं बुजगावणं. त्यांनी ते जवळूनही रंगवलंय.
पडद्यावर दुसरं चित्र आलं. आडवी काठी. तिच्यावर पिवळं लुगडं. डोक्याच्या जागी मडकं, त्याला चुन्याचे डोळे.
लुगड्याचा काठ मी ओळखला. छबीनं माझ्याआधी.
ती उभी राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलली. "मॅडम, माझी हरकत न्हाई. ही वनमालाच हाय. ही माळ्यावर झोपायची, पाखरं ज्वारी खाऊन जायची. म्हणून हिच्या बापानं हिचं लुगडं काठीला नेसवून उभं केलतं. ते झोपत नव्हतं."
हॉल हसला. मास्तर असता तर तोबी हसला असता. मॅडमनी मला पुढं बोलावलं, बुजगावण्याच्या मालकीणबाई म्हणून शाल दिली. पातळ. भाषणातलं एक वाक्य आठवलं न्हाई. नुसते हात पसरून नमस्कार केला.
परतीच्या रिक्षात पेढा द्यायचा राह्यला.

१० फेब्रुवारी
लिहून ठेवते, कारण घरात कुणी ऐकून घेत न्हाई. मी माळ्यावर झोपत नव्हते. पाखराचा आवाज डोळे मिटल्यावर नीट येतो.
रुचिकानं कालचा फोटो दाखवला. मी, पिवळी साडी, हात आडवे. मागं चित्र. मग मोबाईल पालथा ठेवला. पोरगी गुणाची हाय.

१३ फेब्रुवारी
लेक माझा, विजयसिंह, शेतातून आला. म्हणला, ज्वारीला पाखरं लागलीत. मी म्हणले, काळजी करू नको, उद्यापासून मी बसते माळ्यावर. गोफण काढ.
लेकानं सगळं ऐकून घेतलं. पाणी प्याला. मग म्हणला, "आई, तू घरीच राहा. फक्त ती पिवळी साडी दे."
दिली.