कितवं बाळ

सोमवार, ८ जाने. १९७३
कामाला लागलो. कॉलेज सोडल्याला तीन महिने झाले. तेवढ्या दिवसांत आबा माझ्याशी एक धड वाक्य बोललेले नाहीत. आज जेवताना म्हणाले, "मंग आता पोरं रडवायचं काम का?" म्हटलं, रडवणार सिस्टर, मी नुसतं घड्याळ बघायचं. आई हसली. आबा नाही.
काम असं: पुण्याच्या डॉ.बाईंना बघायचंय, लस टोचल्यावर पहिलं बाळ जास्त घाबरतं की पाठचं. घाबरलं की अंगात कसलासा रस सुटतो, तो लघवीत उतरतो. ती बाटलीत धरायची आणि बर्फाच्या पेटीतून दुपारच्या गाडीने पुण्याला. माझ्याकडे स्टॉपवॉच आणि रजिस्टर: नाव, कितवं, किती वेळ रडलं. सुई कुसुम सिस्टरची. (यापुढे नुसतं कु. वही कुणाच्या हाती लागेल, नेम नाही.)

गुरुवार, ११
कार्ल्याच्या पलीकडची वाडी. कु. पुढे, मी पेटी घेऊन मागे. ती देहूरोडची, वडील लष्कराच्या डेपोत. चालते पलटणीसारखी. मागून बघत चालायला माझी हरकत नाही.
एक पहिलटकरीण होती. सुई दिसताच तिने श्वास धरला, आणि बाळाने टोचायच्या आधीच तोंड वाकडं केलं. शेजारच्या घरात चौथ्याची आई. तांदूळ पाखडता पाखडताच पोर पुढे केलं, "टोचा. त्येला कायबी वाटत न्हाई." खरंच नाही वाटलं. एकदा कुरकुरला आणि माझ्या घड्याळाची दोरी तोंडात घातली. लाळेने काच धुऊन निघाली.
पहिलंच जास्त घाबरतं, हा डॉ.बाईंचा अंदाज बरोबर असणार. मीही घरात पहिला, म्हणून असा चटकन पेटतो. हे कु.ला सांगितलं तर म्हणाली, "तुमच्या रागाचं खापर आईवर कशाला?"

सोमवार, १५
काल संक्रांत, आज कु.ला तिळगूळ दिला. गोड बोला म्हणायचं, तेच विसरलो. तिने हातात घेऊन वाट बघितली, मग खाल्ला. दिवसभर स्वतःला शिव्या.

मंगळवार, २३
भुशीच्या वरची वाडी. बाळ फार गोड, टपोरे डोळे. आई म्हणाली पहिलं, नाव धोंडू. टोचल्यावर इतका रडला की घड्याळ बंद करायचं सुचेना. आईचे हात त्याच्याहून जास्त कापत होते. वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, एवढं देखणं पोर आणि नाव धोंडू? बाई खाली बघू लागली. कु.ने मला दंडाला धरून बाहेर काढलं.
बाहेर म्हणाली, याच्या आधीची दोन गेलीत. म्हणून धोंडू. दगड कोण नेणार?
"मग पहिलं का म्हणाली?"
"गेलेली मोजत नाहीत. मोजली की तिकडचं लक्ष जातं."
बांधावर बसून रजिस्टर उघडलं. धोंडू. दगडू. केरू. अजून एक धोंडी. सगळ्यांपुढे माझ्या अक्षरात 'पहिलं'. सगळ्यांत जास्त रडलेली हीच. कुणी तिसरं असेल, कुणी चौथं.
कु.वर ओरडलो, भर पायवाटेवर. तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत? ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही काय लिहिता ते मला कधी दाखवलंत?" आणि पुढे गेली. खरंय. मी रजिस्टर छातीशी धरून बसायचो, कारण मागच्या पानावर तिचं नाव...

बुधवार, २४
शनिवारी डॉ.बाई येऊन रजिस्टर पुण्याला नेणार. सांगितलं तर मला काढतील, आणि कु.च्या मागून हे चालणं संपलं. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नाही.
कु. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती. वर बघितलं नाही.
एक डोक्यातून जात नाही. बाळाला कुठे माहीत की आपल्या आधी कुणी होतं? आईच्या हातातूनच कळत असणार.

शनिवार, २७
सांगितलं. डॉ.बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीन आठवड्यांच्या बाटल्या, म्हणाल्या, आणि असं कसं विचारलंत? मी पेटलो. तुम्हीच लिहून दिलंत 'कितवं', मी कितवं विचारलं. आधी इथल्या बायांना विचारायचं होतं! आवाज फार चढला. दवाखान्याच्या दाराशी बसलेल्या बाया आत बघू लागल्या.
तेव्हा कु. म्हणाली, "बाई, प्रत्येक घरी मी यांच्याबरोबर होते. चूक दोघांची."
डॉ.बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, रजिस्टर इथेच राहू द्या. बुधवारपर्यंत सगळी घरं पुन्हा विचारून या. तुम्हाला ठेवायचं का नाही, ते मग बघू.
पायऱ्या उतरताना कु.ला विचारलं, असलं विचारायचं कसं? ती माझ्या नाकाकडे बघत होती. म्हणाली, "आधी घरी विचारून बघा. आईंना."

रविवार, २८
आई अंगणात वाल सोलत होती. शेजारी बसून मीही सोलू लागलो. विचारलं, मी कितवा? "पयला. आन् कितवा?" मग दुसऱ्या तऱ्हेने विचारलं. आई, तू किती वेळा बाळंत झालीस?
तिचा हात थांबला. शेंग तशीच बोटांत.
"तुज्या आदी दोन पोरी," म्हणाली. एक पाचवीलाच गेली, पाच दिवसांची. मी तरी राहावा म्हणून माझं नाक टोचलं. ती खूण कांजिण्यांची असं मी आजवर समजत होतो. मी रडलो की ती हातातलं टाकून धावायची. आबा शेतातून धावायचे.
दुसरीचं काही बोलली नाही. आबा गोठ्याच्या दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. ते म्हणाले, "बसाया लागली व्हती. पिठात हात घालायची लय." आणि आत गेले.
तीन महिन्यांतली त्यांची पहिली धड वाक्यं.
वाल सोलून झाले तरी आई उठली नाही, मीही नाही.
उद्या कु. सकाळी स्टँडवर येईल. पहिलं घर धोंडूचं. आधी पेटी उतरवायची, मग बसायचं. ती बाई जे काम करत असेल त्याला हात लावायचा. बोलली तर ऐकायचं.
बुधवारपर्यंत सगळी घरं होणार नाहीत, एवढं मात्र दिसतंय.