पदरचं व्रत

अकोला, मंगळवार, कार्तिक वद्य पंचमी

अक्काच्या बांगड्या आज कोपरापर्यंत घसरल्या. अलोण्या भाकरीवर तिचा हा सोळावा दिवस. सात वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले भावजी परत यावेत म्हणून. आणि व्रत कुठलं? मी मासिकासाठी भाषांतर करतोय त्या गेल्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीतलं. तिथे गोऱ्या कप्तानाची हरवलेली प्रेयसी एक योगी नुसते डोळे मिटून परत आणतो. आपल्या वाचकांना इतकं स्वस्तात पटेल? म्हणून एकवीस दिवसांचं अलोणं व्रत मी पदरचं घातलं, आणि मासिकात छापून आलेलं ते वाचून अक्काने धरलं. लोकांच्या भोळेपणावर लेख लिहिणारा मी.

आज सांगून टाकलं. "अक्का, ते व्रत मीच रचलं. पुस्तकात नाही."

ती तांदूळ निवडतच राहिली. "मले वाटलंच होतं. पण अर्ध्यात सोडलं अन् ते आलेच नाहीत, त मी कोणाले दोष देऊ? तूच रचलं ना बापू, मंग सोडाचं कसं तेही तूच लिही."

त्या बांगड्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. लिहायला बसलोय. उद्यापनाचं पहिलं कलम झालं: व्रत करणारीने आजच मीठ घालून पोटभर जेवावं. दुसरं सुचत नाही. भावजी आलेच नाहीत तर तिने काय करावं, हे मी कुठल्या पुस्तकातून आणू?